अकरा महिन्यांचा सर्जन

'सर्जन मिळत नाही? मग कंत्राटावर घ्या की!' हे वाक्य मी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ऐकलं आहे, वाहिन्यांवरच्या चर्चेत ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे आणि ज्यांना तरी कळायला हवं अशा डॉक्टरमित्रांच्या तोंडूनही ऐकलं आहे. महामार्गावर गाडी उलटते, माणसं जातात, जवळच्या ट्रॉमा केअर सेंटरात सर्जनच नव्हता असं पेपरात छापून येतं आणि दोन दिवसांत हा उपाय कुणीतरी पुढे करतोच. सांगणाऱ्याचा आविर्भाव असा, की एवढी साधी गोष्ट या सरकारी लोकांच्या डोक्यात कशी येत नाही!

गंमत अशी, की ती त्यांच्या डोक्यात केव्हाच आलेली आहे. खरं तर गेली कित्येक वर्षं तिथे दुसरं काही आलेलंच नाही.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, म्हणजे मोडूनतोडून सांगितल्याची तक्रार नको. ते म्हणतात, कायमचं पद भरायचं तर लोकसेवा आयोगाकडे मागणीपत्र, जाहिरात, मुलाखती, निवड यादी, मग कोर्टकज्जे. यात वर्षं जातात आणि शेवटी निवडलेला माणूस रुजूच होत नाही. झालाच, तर सहा महिन्यांत त्याच गावात स्वतःचं हॉस्पिटल टाकतो आणि सरकारी ओपीडी अकराला उरकतो. त्यापेक्षा बाजारभावानं पैसे टाका, हवा तेवढे दिवस माणूस घ्या, काम झालं की मोकळा करा. पेन्शन नको, बदली नको, संघटना नको. डॉक्टरही खूश, कारण आजच्या पिढीला बांधून घ्यायचंच नसतं. आणि हे खूळ काही आपलंच नाही. इंग्लंड-अमेरिकेत 'लोकम' सर्जन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात हिंडतच असतात, तिथे काय माणसं मरतात?

मांडणी चटपटीत आहे. हर्नियाच्या शिबिराला ती कदाचित चालूनही जाईल. तिथे रुग्ण ठरलेले, तारीख ठरलेली, सर्जन सकाळी येतो, संध्याकाळी जातो. अपघातात फुटलेल्या पोटाला मात्र तारीख नसते, आणि या सगळ्या युक्तिवादाची गोची नेमकी इथे आहे.

कंत्राटाला मोजमाप लागतं. किती ऑपरेशनं, किती कॉल, किती दिवस. ट्रॉमा सर्जनच्या कामाचा मोठा हिस्सा मात्र मोजताच येत नाही, कारण तो हजर असण्याचा आहे. त्यानं थिएटरपासून दहा मिनिटांच्या अंतरावर झोपलेलं असणं, हेच काम. अग्निशमन दलाचा बंब महिनाभर बाहेर पडला नाही म्हणून 'जवान रिकामे बसलेत, आग लागेल तसे रोजंदारीवर बोलावू' असं आजवर कुठल्या नगरसेवकानं सुचवलं आहे? सर्जनच्या बाबतीत हेच सुचवणारा मात्र व्यवहारी ठरतो. 'महिन्यात चारच मोठ्या केसेस झाल्या, मग पूर्ण पगार कशाला?' असं विचारणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळलेलंच नसतं, की सरकारनं त्या सर्जनला चार केसेसचे पैसे दिलेले नाहीत, महिन्यातल्या तीस रात्रींचे दिले आहेत.

आणि रात्रींचाच हिशेब करायचा तर करू या. आठवड्याचे तास १६८. एका माणसानं आठवड्याला ४८ तास ड्यूटी केली, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, प्रशिक्षण धरलं की पाच. म्हणजे पाच सर्जन, तितकेच भूलतज्ज्ञ, शिवाय अस्थिरोगतज्ज्ञ, अपघात विभागातले वैद्यकीय अधिकारी, थिएटरच्या सिस्टर, रक्तपेढीत रात्री जागा असलेला तंत्रज्ञ. हे असलं तर ट्रॉमा सेंटर, नाहीतर ती नुसती इमारत. आपल्याकडे बातमी काय येते? 'अखेर ट्रॉमा सेंटरला सर्जन मिळाला.' एकवचनी! त्या एकट्या जिवानं कधी झोपायचं, हे बातमीत नसतं. तो रुजू होतो तेव्हा पेढे वाटतात आणि तीन महिन्यांत कंटाळून निघून जातो तेव्हा 'डॉक्टरांना सेवाभावच राहिला नाही' म्हणून अग्रलेख लिहितात.

त्याच्या हातात पडणारी ऑर्डर कधी वाचली आहे का? मुदत अकरा महिने, 'किंवा नियमित उमेदवार उपलब्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते'. वेतन नाही, मानधन. पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करता येईल. नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगणार नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. अकरा महिने संपले की एक-दोन दिवसांचा 'तांत्रिक खंड' आणि पुन्हा तोच माणूस, तीच खुर्ची, नवी ऑर्डर. त्या खंडाच्या दिवशी अपघात झाला तर त्या सर्जननं काय करायचं? बऱ्याचदा तो येतो. त्या दिवशी तो कागदोपत्री त्या रुग्णालयाचा कुणीही नसतो, तरी येतो. त्याच्या या भलेपणावर चालणाऱ्या व्यवस्थेला आपण 'लवचिक' म्हणतो. माझं भांडण या सर्जनांशी मुळीच नाही. त्यांच्यातले कितीतरी जण कायम नोकरीत मुरलेल्यांपेक्षा जास्त राबतात. भांडण आहे ते त्यांच्या राबण्याला धोरण म्हणणाऱ्यांशी.

आता थिएटरात चला. रात्री दोनला एक पोरगा येतो, वय बावीस-तेवीस, मोटरसायकलवर होता, समोरून टेम्पो आला. नाडी १४०, वरचं प्रेशर ७०, पोट बघता बघता फुगत चाललेलं. पोट उघडलं की रक्ताचा लोंढा, यकृत उजवीकडे फाटलेलं. इथे जाणता सर्जन शिवत बसत नाही. तो यकृताच्या वर-खाली मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, दाबून भरतो, रक्त थांबलं की पोट उघडंच ठेवून त्यावर प्लास्टिकचं आवरण घालतो आणि पोराला आयसीयूत हलवतो. अंग थंड पडलेल्या, रक्त गोठेनासं झालेल्या माणसावर तीन तास कलाकुसर करणं म्हणजे त्याला टेबलावरच मारणं. फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी १९९३ साली या पद्धतीला 'डॅमेज कंट्रोल' हे नाव रूढ केलं आणि आता ती जगभर शिकवतात. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पोराला ऊब द्यायची, रक्त द्यायचं, प्लाझ्मा द्यायचा आणि मग पुन्हा थिएटरात घेऊन मॉप काढायचे, आतडं तपासायचं, जमलं तर पोट बंद करायचं. केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं असतं, 'आत पाच मॉप'.

हे वाचून कंत्राटवाले म्हणतील, ठीक, मग दुसऱ्या दिवशीचा सर्जन करेल की दुसरं ऑपरेशन. कोण तो? कॉलवर आलेल्या सर्जनची पाळी सकाळी आठला संपली, तो शेजारच्या जिल्ह्यात आपल्या यादीतल्या ऑपरेशनांना गेला. पुढच्या पाळीचा सर्जन मंगळवारी येतो आणि आज रविवार आहे. फाट नेमकी कुठे होती, मॉप काढताना कुठल्या कोपऱ्यातून पुन्हा रक्त सुटेल, आतड्याचा कोणता तुकडा काळपट वाटत होता आणि 'उद्या बघू' म्हणून सोडला होता, हे ज्यानं हात घातला त्याच्याच बोटांना माहीत. कागदावर पाच मॉप लिहिले आहेत, पण घाईत सहावा गेला होता का, हे त्या रात्रीच्या सिस्टरला आठवत असतं. तीही कंत्राटी, तिची ऑर्डर ३१ तारखेला संपली. अशा वेळी सर्जरी येत असूनही माणूस दगावतो, आणि मृत्यूच्या कारणात आपण लिहितो, 'यकृताची गंभीर इजा'.

जखमी माणसाला वाचवणारं कौशल्य एका डोक्यात नसतंच, ते त्या रात्री तिथे असलेल्या सहा-सात माणसांत वाटलेलं असतं. छातीत नळी घालायचा ट्रे कुठल्या कपाटात आहे, रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला उठवायला कोणता नंबर लावायचा, कुठला भूलतज्ज्ञ फोनवर 'येतो' म्हणाला की खरंच येतो, वॉर्डातल्या कुठल्या मामांना स्ट्रेचर धरल्यावर मान सरळ ठेवायची हे पक्कं माहीत आहे. जखमीला एबीसीडीई या ठरलेल्या क्रमानं तपासायला शिकवणारा एटीएलएसचा अभ्यासक्रम तरी का जन्मला? १९७६ साली जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान नेब्रास्कात कोसळलं आणि तिथल्या छोट्या रुग्णालयात आपल्या मुलांवर झालेले उपचार पाहून तो हबकला. त्यानं काय मागितलं? बाहेरून येणारा मोठा सर्जन नाही, तर आहेत त्या माणसांना ठरलेल्या क्रमानं काम करायची शिकवण. ही शिकवण मुरायला माणसं टिकावी लागतात. दर अकरा महिन्यांनी पत्ते पिसले, की ती पुन्हा पहिल्यापासून.

कंत्राटाचा सगळ्यात मोठा दोष मात्र थिएटरच्या बाहेर आहे, अपघात विभागाच्या दारात. तिथे एक शब्द आहे, 'रेफर'. तुम्ही अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहात. रात्रीचे तीन. समोर रक्तस्राव होणारं पोट, मागे पंचवीस नातेवाईक, भूलतज्ज्ञ फोन उचलत नाही, रक्ताच्या दोनच पिशव्या आहेत. पोट उघडलं आणि पोरगा टेबलावर गेला, तर उद्या चौकशी तुमची, व्हिडिओ तुमचा, आणि ऑर्डरचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. न उघडता, एक सलाइन लावून, 'पुढील उपचारांसाठी वरिष्ठ रुग्णालयात' असं लिहून १०८ मध्ये बसवला आणि तो वाटेत गेला, तर ते मरण कुणाच्याच नावावर पडत नाही. सांगा, तुम्ही काय कराल? मी त्या सर्जनला भित्रा म्हणणार नाही. ज्याच्या पाठीशी कुणी उभं नाही, त्यानं धोका पत्करावा ही अपेक्षाच निर्लज्ज आहे. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, उपजिल्ह्यातून जिल्हा, जिल्ह्यातून मेडिकल कॉलेज, असा जखमी माणसाचा जो प्रवास होतो, त्याला अंतर जितकं कारण आहे तितकीच ही ऑर्डर.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. जे दोघे गेले त्यांना कुठल्याच सर्जननं वाचवलं नसतं, त्याबद्दल बोलणं नको. पण जे दोघे जखमी होऊन वाचले, त्यांना पुढच्या उपचारांसाठी कुठे नेलं? राज्याची हद्द ओलांडून गुजरातेत, वापीच्या खासगी रुग्णालयात. मुंबई-अहमदाबाद हा देशातल्या सगळ्यात वर्दळीच्या महामार्गांपैकी एक, देशातल्या मोठ्या उद्योगघराण्यांतलं एक नाव, आणि जवळची आशा शेजारच्या राज्यात. तिथे एखाद्या सायकलवाल्या आदिवासी पोराचं काय होत असेल, ही कल्पना ज्याची त्यानं करावी.

'पण पैसे वाढवून द्या, माणसं मिळतील.' बरं, तेही करून झालं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्यांना तशी मोकळीक दिलेली आहे आणि तिचं नावच मोठं बोलकं आहे, 'यू कोट, वी पे'. तज्ज्ञानं आकडा सांगायचा, सरकारनं द्यायचा. लिलावातसुद्धा दुसरा बोली लावणारा असतो, इथे तोही नाही. अभियान सुरू झालं २००५ साली. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये सर्जनची तूट किती? ८३.२ टक्के. सतरा वर्षांच्या लवचिकतेचं हे फळ. एखादं औषध सतरा वर्षं देऊन रुग्ण उठत नसेल, तर शहाणा डॉक्टर औषध बदलतो. आपले धोरणकर्ते डोस वाढवतात.

राहिला इंग्लंड-अमेरिकेचा दाखला. तो देणाऱ्यांनी अर्धंच वाचलेलं असतं. अमेरिकेत लोकमचा धंदा सत्तरच्या दशकात युटामध्ये सुरू झाला तो खेड्यात एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला रजा घेता यावी, शिकायला जाता यावं म्हणून. म्हणजे कायमचा डॉक्टर टिकावा म्हणून तात्पुरता डॉक्टर! आपण कायमचा नकोच म्हणून तात्पुरता आणतो आणि दोन्हींना एकच नाव देतो. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची मान्यता हवी असेल, तर पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या ट्रॉमा सेंटरात सर्वांत गंभीर रुग्ण पोचल्यापासून १५ मिनिटांत सर्जन त्याच्या उशाशी हवा आणि तिसऱ्या पातळीवर ३० मिनिटांत. हे एखाद्या रात्री साधून चालत नाही, नोंदी दाखवाव्या लागतात. या चौकटीत एखादा लोकम येतो तेव्हा तो आधीच चालणाऱ्या पथकात एका रिकाम्या जागी उभा राहतो. पथकच लोकमचं, ही कल्पना ऐकून तिथला तपासनीस खुर्चीवरून पडेल.

इंग्लंडचं तर आणखी बोलकं. लंडननं २०१० साली चार रुग्णालयांना मुख्य ट्रॉमा सेंटर ठरवलं, २०१२ मध्ये ते जाळं देशभर पसरलं. तत्त्व एकच, सगळीकडे थोडं थोडं ठेवण्याऐवजी थोड्या ठिकाणी सगळं ठेवायचं आणि तिथे अनुभवी वरिष्ठ डॉक्टरच्या नेतृत्वाखालचं पथक चोवीस तास. त्याच इंग्लंडात एजन्सीमार्फत तात्पुरते डॉक्टर-नर्स घेण्याचं प्रमाण वाढत गेलं आणि २०१४-१५ मध्ये त्याचं बिल ३.३ अब्ज पौंडांवर पोचलं. सरकारनं काय केलं? 'वा, काय लवचिकता!' म्हणून टाळ्या पिटल्या नाहीत, नोव्हेंबर २०१५ पासून एजन्सीच्या दरांवर कमाल मर्यादा घातली. आपल्याच मेडिकल कॉलेजांतून तिकडे गेलेली मराठी पोरंपोरी लोकमच्या पाळ्या करतात आणि बरा पैसा मिळवतात, त्यात गैर काही नाही. त्यांना एकदा फोन करून विचारा, 'तुझ्या हॉस्पिटलात सगळेच तुझ्यासारखे असते तर तू तिथे आईला दाखल केलं असतंस का?'

'कायम झाले की काम करत नाहीत' हा आरोप मी सरसकट नाकारत नाही. असे महाभाग आहेत, मी पाहिले आहेत. पण कायमच्या सर्जनला अकरानंतर ओपीडीत बसवू न शकणारी यंत्रणा कंत्राटी सर्जनवर देखरेख कशी ठेवणार? बरं, कॉलवर येणारा हा कंत्राटी सर्जन असतो कोण? बहुतेक ठिकाणी त्याच गावात दोन किलोमीटरवर स्वतःचं रुग्णालय असलेला. सरकारी सर्जननं गुपचूप खासगी दवाखाना टाकला म्हणून आपण संतापतो, आणि त्यावर उपाय म्हणून खासगी दवाखानावाल्यालाच सन्मानानं सरकारी दारात बोलावतो! त्यातला एखादा सज्जन आपल्या थिएटरचं काम सोडून धावत येईलही. पण जखमीचे नातेवाईक जरा बऱ्या कपड्यांतले दिसले, तर 'इथे सोय नाही हो, माझ्याकडे हलवा' हे वाक्य कुणाच्या ओठांवर येणार नाही, याची हमी कोणत्या स्टॅम्पपेपरवर घेतली आहे?

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अपघाताची प्रत्येक केस ही मेडिकोलीगल केस असते. सर्जननं पोट शिवलं की त्याचं काम संपत नाही. जखमेचं प्रमाणपत्र, पोलिसांचा पत्रव्यवहार आणि काही वर्षांनी कोर्टाचं समन्स. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागताना अपंगत्व किती, ते या अपघातामुळेच आलं का, पुढे किती शस्त्रक्रिया लागतील, हे सांगायला साक्षीदार डॉक्टर लागतो. तोवर कंत्राटी सर्जन दोन जिल्हे पलीकडे किंवा दुबईत. रुग्णालयाचं उत्तर छापील, 'सदर डॉक्टर या कार्यालयातून कार्यमुक्त झालेले असून त्यांचा पत्ता उपलब्ध नाही.' मग दुसरा कुणी जुन्या कागदावरून साक्ष देतो, विमा कंपनीचा वकील त्याला दोन प्रश्नांत गप्प करतो, 'तुम्ही स्वतः रुग्ण तपासला होता का? नाही ना?' पाय गेलेल्या ड्रायव्हरच्या भरपाईतून तिथे जी रक्कम कापली जाते, ती कंत्राटी पद्धतीनं वाचवलेल्या पैशांच्या कुठल्या रकान्यात धरायची?

'तरुण डॉक्टरांनाच कायम नोकरी नको' असं म्हणणाऱ्यांनी कुठली नोकरी देऊ केली होती, तेही सांगावं. वर्षाचे ३६५ दिवस एकट्यानं कॉल, राहायला गळकं क्वार्टर, भूलतज्ज्ञाचं पद रिक्त, रात्री रक्त नाही, आणि मार बसला तर 'संयम ठेवा' असा सल्ला. अशी नोकरी कायम असो की कंत्राटी, कुणीही नाकारेल. चार सहकारी, ठरलेल्या पाळ्या आणि शिकण्याची सोय असलेली नोकरी देऊ केली आणि ती कुणी घेतली नाही, असं एक तरी उदाहरण दाखवा. दिल्लीच्या एम्सनं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर उभारलं, पुढे ट्रॉमा सर्जरीत एमसीएचचा अभ्यासक्रम काढला आणि तिथे पोरं प्रवेशासाठी धडपडतात. त्याच पोरांनी शिकून महाराष्ट्रात यायचं ठरवलं, तर आपण त्यांना काय देणार? त्यांच्या विषयाचं स्थायी पद मंजूर असलेली जिल्हा रुग्णालयं शोधायला दुर्बीण लागेल. संवर्गच नसेल, तर विषय कोण शिकेल?

शेवटी सगळे ज्या ओसरीवर येऊन बसतात ती म्हणजे, 'काहीच नसण्यापेक्षा कंत्राटी बरा.' हा युक्तिवाद सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वांत घातक आहे. कारण रस्त्यावर बोर्ड असतो, 'ट्रॉमा केअर सेंटर'. १०८ चा चालक, गाडी थांबवून मदतीला धावलेला ट्रकवाला, गावातली पोरं, सगळे त्या बोर्डावर विश्वास ठेवून जखमीला तिथे नेतात. तिथे समजतं, सर्जनची ऑर्डर संपली, नवी अजून आलेली नाही. पाऊण तास गेलेला असतो. आपल्याकडचा प्रत्येक मंत्री ज्या 'गोल्डन अवर'चा जप करतो, त्याची कल्पना बाल्टिमोरच्या आर. ॲडम्स काउली यांची. साठ मिनिटांचा आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण रक्तस्रावाला थांबायची सवय नसते एवढं खरं. नसलेलं ट्रॉमा सेंटर निदान वाटेत आडवं येत नाही. अर्धवट असलेलं येतं.

या पापात एकट्या कुठल्या पक्षाचा हात नाही, हेही सांगून टाकतो. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारनं नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. ओरड झाली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याची घोषणा झाली. मागे घेणाऱ्यांनी खापर आधीच्या सरकारांवर फोडलं, आधीच्यांनी यांच्यावर. या दोन तारखांच्या मधोमध, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसं गेली, त्यांतली १२ नवजात बाळं. ते अपघाताचे रुग्ण नव्हते, पण मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन सरकारला विचारलं ते रिक्त पदांबद्दलच. शासन निर्णय रद्द झाला, कंत्राटी सर्जन आहे तिथेच राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारं वर्षानुवर्षं सांगत आली, की तात्पुरत्यांना कायम करता येत नाही. त्या निकालाचा रोख मागच्या दारानं होणाऱ्या भरतीवर होता, पुढचं दार कायमचं बंद ठेवा असं त्यात कुठे लिहिलं आहे? डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात त्याच न्यायालयानं वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला तात्पुरतं म्हणण्याच्या या चलाखीवर ताशेरे ओढले. ते प्रकरण सफाई कामगारांचं होतं, आणि काम नित्याचं असेल तर नेमणूक तात्पुरती कशी, हा त्यातला प्रश्न सर्जनलाही तंतोतंत लागू पडतो. महाराष्ट्रात रस्ते अपघातांत वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसं मरतात. याहून नित्याचं काम आणखी कोणतं?

म्हणून माझं म्हणणं कंत्राटाचा दर वाढवा असं नाही, करार अकराऐवजी तेवीस महिन्यांचा करा असंही नाही. रजेच्या बदली, बाळंतपणाच्या बदली, एखाद्या मोठ्या दुर्घटनेत जादा हात म्हणून तात्पुरता सर्जन जरूर घ्या. बाकी ट्रॉमा सर्जनचा स्थायी संवर्ग हवा, एका केंद्रात पाच सर्जन आणि पाच भूलतज्ज्ञ हवेत, आणि ते देता येत नसतील तर अशी केंद्रं निम्मी करा पण उरलेली खरी चालवा. ज्या इमारतीत हे नाही, तिच्यावरचा बोर्ड उतरवा, म्हणजे रुग्णवाहिका तिथे थांबणार तरी नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, दहा जिल्ह्यांतून जातो आणि तो अकरा महिन्यांच्या करारावर टाकलेला नाही. पुढच्या खेपेला तुमच्या तालुक्यात ट्रॉमा केअर सेंटरची फीत कापायला कुणी आलं, तर भाषण संपल्यावर त्यांच्याकडे तीन कागद मागा: मंजूर पदांचा आकृतिबंध, आयोगाकडे पाठवलेल्या मागणीपत्राची तारीख, आणि आज रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या सर्जनच्या ऑर्डरची प्रत.